निघाला एकदाचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा)!!

सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली ती जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, आठवतेय ना, शेजारचे आजोबा भंगारात देणार होते ती? पुसल्यावर कळलं की माल अस्सल आहे, नव्वदच्या दशकातली क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) फ्रेम, सस्पेन्शन नाही काही नाही, जुन्या पद्धतीचे, केबलने ओढले जाणारे कॅन्टिलिव्हर ब्रेक आणि मागे गिअर बदलणारा शिमानोचा डिओरे एलएक्स डिरेलर. मी तर उडालोच.

पण सीटपोस्ट जाम म्हणजे जाम. पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा, फ्रेम स्टीलची, त्यात पुण्याचे इतके पावसाळे झेललेले, मग दोन्ही धातू गंजून आतल्या आत असे चिकटले की बास. रोज तेल सोडत होतो, ढिम्म हलेना. शेवटी आज कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी सीट काढली, पोस्टचं डोकं टेबलावरच्या व्हाइसमध्ये (शिकंजात) आवळलं आणि म्हणाले आता पोस्ट नाही फिरवायचा, अख्खी सायकल फिरवायची, धर तिकडून. फ्रेम हँडलसारखी धरून दोघं लोंबकळलो, कर्रर्र असा आवाज आला आणि पांढरी भुकटी सांडत पोस्ट हळूहळू बाहेर. चहा मी पाजला अर्थात.

बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा आस फिरतो त्या बेअरिंगचा) उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तो काकाच खोलणार, मी हात लावणार नाहीये. टायरचं टेन्शन नाही, २६ इंची कुठेही मिळतात. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) मात्र गेलाय, कोणाकडे सेव्हन स्पीडचा जुना पडून असेल तर बुधवारी जुन्या बाजारात जायच्या आधी सांगा रे.