जुलाबाचं आयबीएस: आधी पोटदुखीचं विचारा

रिपोर्ट नॉर्मल आले की ‘आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि बिघडलेलं शौच असा आतड्याचा जुनाट त्रास) असेल’ म्हणून विषय संपवतात, आणि निदान तिथेच चुकतं. हा आजार ओळखायचा तो पोटदुखीवरून. 2016 च्या रोम-4 या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांप्रमाणे त्रास सुरू होऊन किमान 6 महिने झालेले हवेत, आणि गेले 3 महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखलेलं हवं. शिवाय दुखण्याचा शौचाशी संबंध, दिवसातून किती वेळा शौचाला होतं त्यात बदल, मळाच्या स्वरूपात बदल, यांपैकी दोन गोष्टी हव्यात. पोट अजिबात दुखत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा.

तपासण्या मोजक्याच लागतात: हिमोग्लोबिन, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी), मळातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं), आणि सिलिॲकसाठी, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारासाठी, टीटीजी-आयजीए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, सोबत एकूण आयजीए. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) आधीच बंद केलं असेल तर सिलिॲक असूनही टीटीजी नॉर्मल येऊ शकतं. म्हणून रक्त देईपर्यंत खाणं बदलू नका. झोपेतून उठवणारे जुलाब, मळात रक्त, घटणारं वजन किंवा ॲनिमिया असेल तर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) हवीच. त्यात आतडं गुलाबी, स्वच्छ दिसलं तरी बायोप्सी (तपासायला छोटा तुकडा) घ्यायला सांगा, कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिस ही मोठ्या आतड्याची सूज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. पित्ताशय काढल्यानंतर जुलाब सुरू झाले असतील तर आतड्यात जास्त उतरणाऱ्या पित्ताम्लांचा (पित्तातल्या आम्लांचा) संशय घ्या. त्यावर पित्ताम्लं धरून ठेवणारं कोलेस्टिरामाइन हे औषध चालतं, पण ते इतर औषधंही धरून ठेवतं. ती त्याच्या 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनी घ्यावीत.

आता औषधं. लोपेरामाइड 2 मिग्रॅ. ही जुलाब थांबवणारी गोळी बहुतेक लोक जुलाब लागल्यावर घेतात. प्रवास, परीक्षा, नेहमीची त्रासाची वेळ ठाऊक असेल तर आधी घेतलेलं जास्त कामी येतं. मात्र त्याने दुखणं थांबत नाही, म्हणून डोस वाढवत नेऊ नका. अतिडोसाने हृदयाची लय बिघडते. दुखण्यासाठी डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलीन, हे मूळचं नैराश्यावरचं औषध, 10 मिग्रॅ.पासून सुरू करतात. हे ऐकून ‘मला मानसिक आजार ठरवलं’ असं वाटून घेऊ नका, ते इथे आतड्याच्या संवेदना शमवायला दिलेलं असतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक, 550 मिग्रॅ. दिवसातून तीनदा, 14 दिवस, हाही पर्याय आहे.

लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणाऱ्या कर्बोदकांचे गट (काही फळं, गहू, दूध, कांदा-लसूण, डाळी यांतले) कमी करणं, 4 ते 6 आठवडेच. फरक पडला नाही तर सोडून द्या. पडला तर एकेक गट 3 दिवस, प्रमाण वाढवत परत आणा आणि सोसलेलं सगळं पुन्हा ताटात घ्या.