वहिनीने आभार का मानले

आषाढ, रविवार, रात्री उशिरा

कुडाळच्या ज्युदो शिबिराहून परतल्यापासून वहिनीचे एक साधे ‘थँक्यू सर’ माझ्या मनातून जात नाही. आमचा नागे-नो-काता, म्हणजे पाडायच्या डावांचा आधी ठरवलेला जोडीतला क्रम, संपला, आम्ही एकमेकींना वाकून नमस्कार केला आणि बाहेरून आलेले ते सर हातातली वही मिटत म्हणाले, ‘‘छान बसवलंय, पण तुम्ही दोघी लढत नाही, नाचता.’’ म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. मी मान खाली घातली, आणि वहिनीने मात्र, कोणी तिच्या हातच्या घावनांची तारीफ करावी तशा प्रसन्न चेहऱ्याने आभार मानले. एसटीत बसल्यावर मी तिला विचारले की असे काय त्यांनी दिले की तू आभार मानलेस. ती म्हणाली, ‘‘त्यांनी चांगलाच सांगल्यानी मा? तुका कित्याक राग इलो?’’ आणि ओरोस यायच्या आत खिडकीला डोके टेकून झोपीही गेली.

मला राग आला नव्हता. आपल्याजवळचे काहीतरी भर सभेत काढून घेतले जावे आणि आपल्याच बाजूच्या माणसाने त्याबद्दल धन्यवाद द्यावेत, असे काहीसे ते होते. ते नेमके काय, हे कागदावर उतरवल्याशिवाय झोप लागेल असे वाटत नाही. पाऊस आज थांबायचे नाव घेत नाही आणि पंख्याखाली दोरीवर टाकलेल्या दोन्ही जुडोगींना (ज्युदोच्या पोशाखांना) कुबट वास येऊ लागला आहे.

सरांचा शेरा अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य करायला हवे. ओकुरी-आशी-हाराई हा पाय झाडण्याचा डाव करताना आम्ही एकमेकींची कॉलर आणि बाही धरून बाजूला सरकतो. पहिले पाऊल जपून, दुसरे जरा लांब, आणि तिसऱ्या पावलाला माझे दोन्ही पाय जवळ येऊ लागतात नेमके तेव्हा वहिनीचा तळवा माझ्या घोट्याशी येऊन पाय झाडून नेतो आणि मी आडवी हवेत असते. पावले मॅटवरून उचलायची नसतात, घसटत न्यायची असतात, त्यामुळे दोनदा सर्र असा आवाज येतो आणि तिसऱ्याला धप्प. शेजारी मृदंग वाजत असता तर तो धप्प बरोबर समेवर पडला असता. हे बाहेरून नाचासारखे दिसणार नाही तर कशासारखे दिसणार?

उकी-ओतोशी या डावाची गोष्ट याहून अवघड आहे. त्यात तोरी, म्हणजे पाडणारी, मागे मागे सरकते, उके, म्हणजे पडणारी, तिला रेटत पुढे येते, आणि तिसऱ्या पावलाला तोरी एकदम डावा गुडघा मॅटवर टेकून खाली ओढते. तिथे कंबर मध्ये येत नाही की पाय आडवा येत नाही. दोन हातांची ओढ आणि चुकलेला तोल एवढ्यावर पडणारीला तोरीपुढून उलटे जायचे असते. खुल्या झुंजीत, म्हणजे रांदोरीत, हा डाव आमच्याकडे कोणी कोणावर टाकलेला मी पाहिलेला नाही. कात्यात तो होतो, कारण उके त्या ओढीला अंग देते. ते अंग कधी द्यायचे, हाच सगळा प्रश्न आहे. ओढ पोहोचायच्या आधी दिले तर ती नुसती कोलांटी, आणि उशिरा दिले तर खांदा दुखावतो. बाहीतली ओढ मनगटात उतरते आणि वजन पायाच्या अंगठ्यावर येते, त्या दोहोंच्या मध्ये एक चिमूटभर वेळ असते. आता अडचण अशी की वहिनी डाव टाकण्यापूर्वी नाकाने एक आखूड श्वास घेते, आणि इतक्या वर्षांच्या सरावानंतर माझ्या अंगाला तो श्वास ओढीच्या आधी ऐकू येतो. मी ओढीने पडते की श्वासाने, हे मला स्वतःला सांगता येणार नाही. सरांनी बहुधा तेवढेच पाहिले असावे.

पण मग काता असतो तरी कशाला? ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी देवळात अवघ्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि रांदोरी व काता या दोन्हींना ज्युदोच्या शिक्षणात जागा दिली. रांदोरीत कोणी कोणाला काही देत नाही. कात्यात कोण टाकणार, कोण पडणार आणि कितव्या पावलाला पडणार, हे सर्व आधी ठरलेले असते. १९६४ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये ज्युदो आला, बायकांना पदके मिळायला १९९२ चे बार्सिलोना उजाडावे लागले, आणि या सगळ्यात लोकांना दिसत गेली ती झुंज, काता नव्हे. त्यामुळे काता म्हणजे खऱ्या गोष्टीची रंगीत तालीम, असा समज आमच्या वर्गातल्या मुलांचाही आहे. मुले तर काता सुरू झाला की पाण्याच्या बाटल्या उचलतात.

नागे-नो-कात्यात पंधरा डाव असतात आणि प्रत्येक डाव उजवीकडून व डावीकडून असा दोनदा होतो. म्हणजे तोरी तीस वेळा टाकते आणि उके तीस वेळा पडते. गेली काही वर्षे ही पडणारी मी आहे. पडताना हनुवटी छातीला लावायची, पोटातला श्वास सोडायचा, पाठ टेकायच्या क्षणी अख्खा हात तळव्यापासून खांद्यापर्यंत मॅटवर आपटायचा, आणि लगेच उठून जुडोगी नीट करून पुढच्या हल्ल्याला सज्ज व्हायचे. काता-गुरुमा या डावात वहिनी मला दोन्ही खांद्यांवर आडवी उचलते, तेव्हा मी पोट आणि पाठ ताठ धरली नाही तर तिची मान जाईल. पण पाहणारे म्हणतात, काय ताकद आहे हो हिच्यात! पडणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही, आणि पाहिलेच तर ती लवकर पडली एवढेच त्यांना दिसते. घरातसुद्धा काही वेगळे नाही, पण तो विषय आज नको.

काल रात्री झोप येईना तेव्हा दशावतारातली युद्धे आठवत पडून राहिले. देवळासमोरच्या मांडात एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज, आणि पहाटेच्या सुमारास राजपार्टी व राक्षसपार्टी तलवारी उपसून त्या बाकड्याभोवती फिरू लागतात. आख्यान कोणते लावायचे आणि कोणी कोणती भूमिका घ्यायची एवढे रंगपटात ठरते. संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे असतात, आणि युद्ध कोणी कागदावर बसवून दिलेले नसते. तरी तलवारीला तलवार बरोबर ठेक्यावर भिडते, गिरकी संपते तिथे झांज कडाडते, आणि मृदंग चढत गेला की दोघांचेही पाय त्याबरोबर चढत जातात. राक्षस मरणार हे आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून तो फसवतो आहे, असे जत्रेत आजवर कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. उलट बाबा त्या वेळी झोपलेल्या मला हलवून उठवत आणि सांगत, राजाकडे बघू नको, राक्षसाचे पाय बघ. पडण्याआधी तो किती वेळ तोल राखून धरतो, एका गुडघ्यावर येऊन पुन्हा कसा उठतो, आणि मृदंग्याला शेवटचा तोडा वाजवायला कशी जागा देतो, ते बघ. बाबांना जाऊन आता... असो.

त्या राक्षसाला जाऊन कोणी म्हटले असते की बाबा रे, तू लढत नाहीस, नाचतोस, तर त्याने काय उत्तर दिले असते? मला वाटते, त्यानेही आभारच मानले असते. इथे मी जरा थांबले, कारण हे उत्तर मला सोयीचे नव्हते.

मग मी मोबाईल घेऊन दाखले गोळा करत बसले, जणू सोमवारी सरांना कोर्टात खेचायचे आहे. केरळात कथकलीच्या नटाला अंग तयार करण्यासाठी जी मेहनत करावी लागते, तिचा मोठा भाग कळरिपयट्टू या युद्धकलेच्या आखाड्यातून आलेला आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात हलगी वाजल्याशिवाय पट्टा फिरत नाही. ब्राझीलमधल्या कापोएरा या नाचासारख्या झुंजीच्या कलेला १८९० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवले होते. मेस्त्रे बिंबा यांनी १९३२ मध्ये तिची रीतसर शाळा काढली, २०१४ मध्ये ती ज्यात खेळतात त्या वर्तुळाला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि आजही त्या वर्तुळातल्या दोघांनी संथ खेळायचे की झपाट्याने, हे बेरिंबाऊ नावाचे एकतारी वाद्य ठरवते. ब्रूस लीने १९५८ मध्ये हाँगकाँगची चा-चा नृत्याची स्पर्धा जिंकली होती, हे तर आमच्या वर्गातल्या पोरांना सांगितले पाहिजे. त्याची चित्रे ती दप्तरावर चिकटवून फिरतात. इतके सगळे जमवले आणि लक्षात आले की याने माझे काही सुटत नाही. नाच आणि झुंज शेजारी राहतात, एकमेकांकडे उसनवारी करतात, याबद्दल वाद नव्हताच. मला लागले होते ते वेगळे. आम्हा दोघींमध्ये जे आहे, ज्याला मी इतकी वर्षे मेहनत समजत आले, ते सरांनी एका वाक्यात गोड करून टाकले, आणि वहिनीने ते गोड मानून घेतले.

वहिनीची आणि माझी पहिली पकड ज्युदोच्या मॅटवर झालेली नाही. लग्न होऊन ती आली त्या वर्षी गौरी जागवताना आम्ही फुगडी घातली होती. हात तिढा घालून धरायचे, पावले पावलांना भिडवायची आणि मागे रेलायचे. दोघींनी आपले पूर्ण वजन दुसरीच्या हातात दिल्याशिवाय फुगडीला वेग येत नाही, आणि एकीने जरा राखून ठेवले तर दुसरीला ते मनगटातच कळते. नवी नवरी असून तिने त्या रात्री काहीही राखून ठेवले नाही. मी ठेवले होते. माझ्यापेक्षा ती अंगाने दणकट, सुटली तर मी थेट माटवीच्या खांबावर जाणार, अशी भीती होती. चारपाच गिरक्यांनंतर ती भीती कुठे गेली कळले नाही. पुढे ज्युदोत पहिल्यांदा तिच्या कॉलरला हात घातला तेव्हा तिचे वजन कोणत्या टाचेवर आहे हे मला न बघता समजले, आणि सरावाच्या पहिल्याच महिन्यात आमची जोडी लागली ती यामुळेच. फुगडीत दोघी मिळून तोल सांभाळतात आणि ज्युदोत एकीने दुसरीचा मोडायचा असतो, हा फरक आहे खरा. पण डाव पुरा झाल्यावर वहिनी माझी बाही सोडत नाही. शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरते, म्हणून माझे डोके मॅटला लागत नाही. जिने पाडायचे तिनेच धरायचे, ही गोष्ट सरांच्या वहीत कोणत्या रकान्यात बसते?

आज दुपारी माजघरात फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो, तेव्हा मी पुन्हा तोच विषय काढला. वहिनीने या खेपेला लगेच उडवून लावले नाही. थोडा वेळ सोलत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘आमच्या घराक माका कोणी नाचूक दिल्यानी नाय.’’ शाळेच्या गॅदरिंगला नाव दिले होते, साडीसुद्धा शेजारणीकडून मागून आणून ठेवली होती, इतके सांगून ती गप्प झाली, आणि आठळीची साल नखाने ओढताना तिचा चेहरा असा झाला की पुढचे विचारायचे मी टाळले. थोड्या वेळाने आपणहून हसून म्हणाली, ‘‘आणि ते माझ्याकडेच बघान म्हणाले.’’

मी म्हटले, नाही, माझ्याकडे बघून म्हणाले. ती म्हणाली, माझ्याकडे. मी शपथ घेतली, तिने रामेश्वराची घेतली. सर बहुधा दोघींच्या मधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत असावेत, कारण जेवणाची वेळ टळून गेली होती आणि हॉलच्या मागच्या बाजूने सोलकढीचा वास येत होता. एका माणसाच्या नजरेवर मी मनात केवढे महाभारत उभे केले होते, आणि तिने त्याच नजरेतून आपला जुना हिशेब चुकता करून घेतला होता.

तो शेरा मला अजूनही थोडा बोचतो, हे लिहून ठेवते. सर पुन्हा आले तर त्यांना एवढेच विचारेन की उशिरा पडले असते तर लढल्यासारखे दिसले असते का. पण वहिनीचे ‘थँक्यू’ आता पहिल्यासारखे टोचत नाही. ते तिचे होते, माझ्या वाट्यातून घेतलेले नव्हते. तिला नाचायचे असेल तर नाचू दे. मला पडण्याचे श्रेय हवे असेल तर ते मिळण्याचा मार्ग मला सुचला आहे, आणि तो रुसून बसण्यापेक्षा बरा आहे. मंगळवारपासून आम्ही बाजू बदलणार आहोत. मी तोरी होणार आणि वहिनी उके. पडताना कशाकशाकडे लक्ष द्यावे लागते हे तिला कळेल, आणि ती पडते आहे की नाचते आहे हे मला समोरून पाहता येईल. हे सांगितल्यावर तिने आधी कंबर धरल्याचे कारण काढले आणि मग जुडोगी वाळली नसल्याचे. ही दोन्ही कारणे गेली कित्येक वर्षे मी तिला देत आले आहे, त्यामुळे ती नामंजूर करायला मला वेळ लागला नाही.