अलार्म गेला कुणाला?

मासिक आढावा बैठकीत जिल्ह्यातल्या सगळ्या शीतसाखळी केंद्रांची, म्हणजे जिथे लस थंड ठेवून साठवतात त्या केंद्रांची, यादी पडद्यावर येते. लससाठ्याची नोंद वेळच्या वेळी करणारी केंद्रं वर, हिरवी. रखडणारी खाली, लाल. लाल केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं. मी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल लिहिते आहे ते कायम वरच्या पाचात असायचं. सातपुड्यातलं, जिल्ह्याच्या ठिकाणाहून जीपने अडीच-तीन तास. नाव लिहीत नाही. तसली केंद्रं आणखी आहेत, एकालाच कशाला बदनाम करायचं.

माझं काम म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक लसीच्या फ्रिजमध्ये काय आहे, किती आहे आणि किती अंशांवर आहे, यावर नजर ठेवणं. त्यासाठी ‘ई-विन’ नावाची प्रणाली आहे. २०१५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या) साहाय्याने सुरू केली. आता देशभरातली २९ हजारांच्या आसपास शीतसाखळी केंद्रं तिच्यावर आहेत. फ्रिजला आम्ही आयएलआर (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर) म्हणतो. त्याच्या आत सेन्सरची वायर सोडलेली असते आणि बाहेर भिंतीवर सिमकार्डाचा छोटा डबा, लॉगर. तापमान बिघडलं की तो आपणहून एसएमएस पाठवतो. मला हे यंत्र मनापासून आवडतं. दिवाळी असो, रविवार असो, वीज गेलेली असो, ते खाडा करत नाही आणि साहेबांना बरं वाटेल असा आकडा टाकत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, लस खराब होते ती उन्हाने. आम्हाला जास्त धास्ती गोठण्याची. आयएलआर अधिक २ ते अधिक ८ अंशांत राहायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे ८ अंशांच्या वर सलग १० तास गेले तर अलार्म, पण उणे अर्ध्या अंशाखाली एक तास गेला तरी अलार्म. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियावरची) या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लस गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, आणि वितळल्यावर ती परत पहिल्यासारखी होत नाही. कुपीवरचं व्हीव्हीएमचं (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटरचं) चौकोनी चिन्ह उष्णता लागली तर रंग बदलतं. गोठून गेलेल्या कुपीवर ते नव्यासारखं पांढरं दिसतं.

डिसेंबरातली सकाळ होती. सहाच्या सुमारास ईमेल उघडला तर त्या केंद्राचा अलार्म. रात्री साडेदहानंतर पारा शून्याखाली गेलेला, सर्वांत खाली उणे २.१. पण आलेख बघून मी चक्रावले. दोन वाजेपर्यंत रेघ खाली, आणि दोनला ती एकदम वळून वर चढलेली. पाचपर्यंत अधिक ३. आयएलआर आपला आपण असा सुधारत नाही. कुणीतरी मध्यरात्री तिथे हात घातला होता.

प्रणालीत त्या केंद्रापुढे तीन मोबाइल नंबर होते. पहिला औषधनिर्माण अधिकाऱ्याचा. फोन त्याने लगेच उचलला. “मॅडम, रात्रभर मेसेज येतायत. पण माझी जुलैतच बदली झाली ना, मी आता दुसऱ्या तालुक्यात.” दुसरा नंबर आरोग्य सेविकेचा, जिच्याकडे पर्यायी शीतसाखळी हाताळणी होती. ती बाळंतपणाच्या रजेवर, माहेरी. तिच्या आईने फोन घेतला आणि मलाच विचारलं की पगार का अडकलाय. तिसरा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. सक्तीच्या सरकारी सेवेचं, बाँडचं वर्ष संपवून ते पुण्याला पीजीच्या अभ्यासाला गेलेले. म्हणजे अलार्म वाजला, एसएमएस पोचले, तिघांच्या फोनवर पोचले, आणि तिघांपैकी एकही माणूस त्या इमारतीपासून शंभर किलोमीटरच्या आत नव्हता. प्रणालीच्या हिशेबी संदेश ‘वितरित’.

शीतसाखळी तंत्रज्ञाला सोबत घ्यायचं म्हटलं तर आमच्या जिल्ह्याचं ते पद रिकामं. शेजारच्या जिल्ह्याचा तंत्रज्ञ महिन्यातून ठरलेले दिवस येतो. मी आणि ड्रायव्हर निघालो. वाटेत एका आशाताईंकडून केंद्रातल्या परिचराचा नंबर मिळाला. एजन्सीमार्फत घेतलेला मुलगा, बाह्यस्रोत. झाडू, ड्रेसिंगचा ट्रे, रात्री गेटची किल्ली, सगळं तोच. त्याला म्हटलं, आयएलआर उघडू नको, कशाला हात लावू नको. तो म्हणाला, “मी रात्रीच लावला मॅडम. मशीन थांबतच नव्हती. थंडी एवढी, तरी चालूच. मग नॉब खाली केला.”

मागच्या खोलीत तो झोपतो. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून बंद पडतो, पुन्हा चालू होतो, हा ठेका त्याच्या कानात बसलेला. त्या रात्री ठेका चुकला म्हणून तो उठला. कारण नंतर सापडलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ८ अंशांच्या वर अलार्म येत होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटचा नॉब जास्त गारव्याकडे वाढवून ठेवला होता आणि थंडी पडल्यावर परत कमी केला नव्हता. ऋतू बदलला की नॉब तपासायचा, हे शीतसाखळी हाताळणाऱ्याचं काम. ते काम त्या केंद्रात जुलैपासून कुणाकडेच नव्हतं.

आयएलआरच्या झाकणावर तापमानाची नोंदवही होती. सकाळ-संध्याकाळचे आकडे, एकही रकाना न चुकता, गोलसर शाळकरी अक्षरात. सहीचा रकाना मात्र महिनोन्‌महिने कोरा. विचारलं तर म्हणाला, “सहीचा अधिकार मला नाही ना. आकडा लिहिला तर चालतं, असं औषधवाले सर जाताना सांगून गेले.”

मग हिरव्या रंगाचं कोडंही सुटलं. दर लसीकरण सत्रानंतर तो साठा नोंदवहीचं पान आणि आयएलआरमधल्या टोपल्या यांचे फोटो काढून तालुक्याच्या डेटा ऑपरेटरला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. ऑपरेटर बदलून गेलेल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याच्याच लॉगिनने ते आकडे भरायचा. एकाच केंद्राचे नव्हेत, तालुक्यातल्या आणखी काहींचेही. बिचारा संध्याकाळी सातपर्यंत तेच करायचा, कारण लाल झालं तर बोलणी त्यालाच बसायची. मी आयएलआरमधल्या कुप्या मोजल्या आणि स्क्रीनवरचा साठा पाहिला. बॅच नंबरसकट तंतोतंत. ज्या केंद्रांत सगळी पदं भरलेली आहेत तिथेही मला असा ताळेबंद क्वचित मिळतो.

आता शेक टेस्ट, लस गोठली होती का ते ठरवणारी. यात माझा हात बसलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. संशयित कुप्यांवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून त्या बाजूला ठेवायच्या. प्रत्येक लसीची, त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी निवडायची, तिच्यावर ‘गोठवलेली’ असं लिहायचं आणि डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून मुद्दाम दगड करायची. दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या तापमानाला वितळू द्यायची. कोमट पाणी नाही, हाताची ऊब नाही, घाई नाही. मग एका मुठीत ही गोठवलेली आणि संशयित, दोन्ही कुप्या धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या आणि सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून द्यायच्या. अर्धा तास नजर हलवायची नाही. गोठलेल्या लसीत गाळ भराभर बसतो, वरचं पाणी नितळ होत जातं. चांगली लस ताकासारखी एकसारखी गढूळ राहते. संशयित कुपीत गाळ गोठवलेलीच्याच वेगाने बसला, तर ती बॅच गेली. आयपीव्हीला (पोलिओच्या इंजेक्शनच्या लसीला) ही परीक्षा चालत नाही, तिच्यात ॲल्युमिनियम नसतं. तिथे तापमानाचा आलेख बघूनच निर्णय घ्यावा लागतो.

म्हणजे निकालाला एक रात्र लागणार होती, आणि दुसऱ्या दिवशी तीन पाड्यांवर सत्रं ठरलेली. सत्र रद्द करा म्हणणं सोपं असतं. तिथल्या बायका मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन डोंगर उतरून येतात. एकदा परत पाठवल्या की दुसऱ्या खेपेला निम्म्या येतात. शेजारच्या केंद्रातून लस मागवली. तिथल्या फार्मासिस्टने आधी “लेखी द्या” म्हणून अर्धा तास घालवला, मग दिली. आइसपॅक बाहेर काढून, आतलं पाणी खळखळ वाजेपर्यंत थांबून कॅरियर, म्हणजे लस न्यायचे डबे, भरले. हे थांबणं कुणालाच आवडत नाही, आणि थेट फ्रीजरमधून काढलेल्या आइसपॅकने पेंटाव्हॅलंट कॅरियरमध्येच गोठते. परिचर मात्र आइसपॅक कानाशी धरून हलवून बघत होता. त्याला हे कुणी शिकवलं विचारलं, तर औषधवाले सर.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कुप्या मांडल्या. वरच्या टोपलीतली पेंटाव्हॅलंट आणि टीडी चांगली निघाली. तळाजवळ ठेवलेल्या हिपॅटायटिस बी आणि पीसीव्हीत सहा-सात मिनिटांतच वर पाण्याची पट्टी दिसायला लागली, शेजारच्या गोठवलेल्या कुपीसारखीच. आयपीव्हीही आम्ही आलेखावरून बाद केली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला परिचर वाकून बघत होता. त्याने विचारलं, “मॅडम, ही मुलांना टोचली असती तर कळलं असतं का?”

कळलं नसतं. फार तर सुई टोचल्या जागी गाठ आली असती. लसीकरण कार्डावर तारीख पडली असती, लसीकरणाच्या नोंदीच्या यू-विन प्रणालीवर मूल ‘पूर्ण संरक्षित’ दिसलं असतं, आणि कधीतरी त्या पोराला न्यूमोनिया झाला असता तर तो कुपोषणाच्या खात्यात गेला असता.

पुढे चौकशी झाली. केंद्राचा अतिरिक्त कार्यभार असलेल्या डॉक्टरांकडे आधीच दोन केंद्रं होती. त्यांना समज दिली गेली. तालुक्याच्या डेटा ऑपरेटरला दुसऱ्याचं लॉगिन वापरल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. नियमाने बरोबरच आहे. चौकशीत मला विचारलं तेव्हा मीही हे नियमबाह्य असल्याचं सांगितलं. पण त्याच्या नोंदी बंद झाल्यावर त्या तालुक्यातली चार केंद्रं लाल झाली, आणि वरून पहिला फोन आला तो लाल का झाली म्हणून. शिफारस एकच: शीतसाखळी हाताळणाऱ्यांना दोन दिवसांचं ई-विन प्रशिक्षण. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध. प्रशिक्षण कुणाला द्यायचं, ते विचारल्यावर उत्तर आलं की केंद्राने नाव कळवावं.

वर्षानुवर्षं ॲप येत राहतात. त्या आरोग्य सेविकेच्या फोनवर यू-विन, निक्षय, आयएचआयपी, अनमोल, शिवाय औषधांसाठी फार्मासिस्टची ई-औषधी. प्रत्येक ॲपच्या सादरीकरणात एक चित्र असतं: फ्रिजशेजारी हसरा माणूस, हातात मोबाइल. तो माणूस मंजूर पदांच्या आकृतिबंधात कुठे आहे, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. शीतसाखळी हाताळणं हे पद नाही, ‘दिलेलं काम’ आहे. ज्याला दिलं त्याची बदली झाली की ते त्याच्याबरोबर जातं. शहरातले सल्लागार येऊन ‘क्षमता बांधणी’वर बोलतात तेव्हा मला त्यांना बदल्यांच्या मोसमात आमच्या आस्थापना शाखेत बसवावंसं वाटतं.

मी एक टिपणी दिली आहे. मागणी साधी आहे. शीतसाखळीचं काम असलेल्या माणसाला कार्यमुक्त करताना लॉगिन, नंबर आणि आयएलआर, तिन्ही दुसऱ्याच्या नावावर झाल्याची सही घेतल्याशिवाय आदेश द्यायचा नाही. यात पैसा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. टिपणी लसीकरण शाखेकडून आस्थापना शाखेकडे गेली, तिथून ‘विषय लसीकरणाशी संबंधित’ असा शेरा मारून परत आली. पुन्हा पाठवली आहे. ई-विनमध्ये त्या केंद्रापुढे मी स्वतः नंबर बदलले: नव्या फार्मासिस्टचा, जे आठवड्यातले तीन दिवस तिथे असतात, आणि कार्यभार असलेल्या डॉक्टरांचा. तिसऱ्या जागी परिचराचा नंबर घालायला गेले तर नंबरसोबत पदनाम निवडावं लागतं. त्या यादीत परिचर नाही. ‘इतर’ निवडलं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. एजन्सीचं कंत्राट बदलतंय, नवा ठेकेदार अनुभवाचा दाखला मागतोय. “मॅडम, लसीच्या फ्रिजचं काम केलं असं तुम्ही लिहून द्याल का?” मी लिहून दिलं तर ज्याला अधिकार नव्हता त्याने सहा महिने लस सांभाळली, हे माझ्या सहीने कागदावर येतं, आणि नोटीस त्याच्याही दारात जाऊ शकते. नाही दिलं तर झाडूवाला म्हणून त्याच्या जागी कुणीही चालेल. वरिष्ठांना तोंडी विचारलं. ते म्हणाले, लेखी विचारा. पत्र तयार आहे, त्यात त्याचं पदनाम काय लिहायचं एवढंच ठरायचं आहे. ठेकेदाराची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.