रिमूव्ह टू

शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हाच माहीत होतं की सगळे गॅदरिंग, सहल आणि कबड्डीच्या फायनलवर लिहिणार, त्यामुळे मी इंग्रजीच्या तासावर लिहायचं ठरवलं, आणि तेही एका शब्दावर. टू. त्यातला 'दोन' वाला टू नाही, 'कडे जाणे' वाला पण नाही, टी डबल ओ वाला. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात, आणि आम्ही तर पुस्तकातल्या इंग्रजी ओळींवर पेन्सिलनं उच्चार लिहूनच वाचायचो, त्यामुळे हे तीन वेगळे शब्द आहेत हे पोरांना कळायलाच आठवी उजाडली.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर आम्ही बाहेर पडलो होतो. पाचवीत ए बी सी डी आणि नववीत एकदम 'डू ॲज डायरेक्टेड', मधे नेमकं काय झालं ते आमच्या बॅचमधलं कुणीच सांगू शकणार नाही. त्या 'डू ॲज डायरेक्टेड'मधला सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे रिमूव्ह टू. लाडका कारण गाईडमध्ये त्याची कृती दिलेली असायची: पहिला टू काढा, तिथं सो टाका, दुसऱ्या टूच्या जागी दॅट, मग कर्ता, मग कॅनॉट, पुढचं क्रियापद आहे तसं उतरवा. झालं, मार्क तुमचा. वाक्याचा अर्थ कळला पाहिजे अशी काही अट नव्हती.

नववीत नवीन बाई आल्या आणि त्यांनी ही अट घातली. फळ्यावर लिहिलं, 'ही इज टू वीक टू वॉक' आणि म्हणाल्या, सो दॅट मला नकोय, आधी मराठीत सांगा. सगळा वर्ग एका सुरात, "तो खूप अशक्त आहे आणि चालतो." बाई हसल्या नाहीत, रागावल्या पण नाहीत. म्हणाल्या, "अरे, खूप म्हणजे व्हेरी. व्हेरी वीक माणूस काठी टेकत का होईना स्टँडपर्यंत जाईल. टू वीक माणूस खाटेवरनं उठायचा नाही. तुमच्या घरी आजोबा काय म्हणतात? आता चालवत नाही रे. ते 'चालवत नाही' म्हणजे टू."

एवढं एक वाक्य. पण त्यानंतर आमचा भाग कृष्णाकाठचा, उसाचा, त्यामुळे बाईंना उदाहरणांना तोटा नव्हता. गुऱ्हाळावरचा गूळ इतका गरम की खाववत नाही, टू हॉट टू ईट. उसाची मोळी इतकी जड की माझ्याच्यानं उचलवत नाही, टू हेवी फॉर मी टू लिफ्ट. त्यातलं 'फॉर मी' म्हणजेच आपलं 'माझ्याच्यानं' हे बाईंनी खडूनं दोन्हीखाली रेघ मारून दाखवलं, आणि मला वाटतं अख्ख्या वर्गात पहिल्यांदाच कुणालातरी असं वाटलं असेल की इंग्रजी ही आपल्यासारख्याच माणसांनी बोलायची भाषा आहे.

या मोळीच्याच वाक्यात मार्क जायचा तो शेवटच्या 'इट'चा. सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट, आणि पुढं पूर्णविराम. बाईंचं म्हणणं, ही चूक पोरं हमखास करणार, कारण मराठीत 'मोळी इतकी जड की उचलवत नाही' एवढ्यावर वाक्य पुरं होतं, 'तिला' म्हणावं लागत नाही, पण इंग्रजीत दॅटच्या पुढं नवीन वाक्य सुरू होतं आणि लिफ्टला विचारलं काय उचललं तर उत्तर हजर पाहिजे. लिफ्ट इट. आणि आधी वॉज असेल तर कॅनॉटचं कुड नॉट करा, हे तर त्या पेपर देताना पण सांगायच्या, जे बहुतेक नियमात बसत नसावं.

नियम मोडला तो तास मात्र मला सगळ्यात जास्त आठवतो. १९८९ साल होतं, मतदानाचं वय नुकतंच २१ वरून १८ झालेलं, निवडणुकीचे कर्णे गावात फिरत होते आणि बाईंनी वाक्य दिलं, 'ही इज टू यंग टू व्होट.' मागच्या बाकावरचा एकजण उठला, "बाई, म्हणजे त्याला मत देववत नाही?" बाई खडू हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "देववत नाही म्हणजे उमेदवार बघून हात पुढं होत नाही. हा तर तयार आहे बिचारा, वय लहान म्हणून देता येत नाही." वर्ग फुटला. मग शांतपणे त्यांनी सांगितलं की 'वत नाही' अंगातलं बळ आणि मन यापुरतं चालतं, कायदा, वय, उंची असलं काही आडवं आलं की 'देता येत नाही', टू दोन्हीकडं तोच. आपलाच नियम पोरानं अर्धा पाडला आणि बाई त्यावर खूश, असं मी नंतर कॉलेजात पण फार बघितलं नाही.

बाकीचं पटपट सांगतो. टू मच हॉट नाही, मच टू हॉट. नाम असेल तर टू मच शुगर. शेवटी येणारा टू म्हणजे 'सुद्धा', पण वाक्यात नॉट असेल तर तिथं आयदर. आणि एक अपवाद, ओन्ली टू ग्लॅड, त्यात काही जास्त झालेलं नसतं, माणूस नुसता आनंदात असतो, तिथं सो दॅट कॅनॉट लावायला जाऊ नका.

पुढं मी नोकरीला लागलो एक्स्पोर्टच्या कामात, तिथं कळलं की हा टू परीक्षेपुरता नाही. आमच्या इथल्या एका ज्युनियरनं बाहेरच्या गिऱ्हाइकाला कौतुकानं लिहिलं की तुमचा रिप्लाय टू क्विक होता. समोरून विचारणा, काही घाईत चुकलंय का? त्याला म्हणायचं होतं व्हेरी. आपण घरी 'टू मच आहे हा!' म्हणतो ते कौतुक पण असतं आणि वैताग पण, ते आपल्यात चालतं, बॅचच्या ग्रुपवर तर नातवंडांच्या फोटोखाली टू क्यूट, टू गुड यांचा पाऊस असतो, आणि मी त्यात कुणाला दुरुस्त करत नाही, मलाही ग्रुपमध्ये राहायचंय. पण कागदावर बाहेर जाणाऱ्या मजकुरात टू दिसला की वाचणारा माणूस तक्रार शोधतो.

दहावीत बाईंनी हेच उलटं करून इनफ शिकवलं. आजारातून उठलेला माणूस म्हणतो ना, आता चालवतं मला, ते स्ट्राँग इनफ टू वॉक. टू आला की नाही, इनफ आला की होय. गाईडमध्ये हे दोन प्रश्न वेगवेगळ्या पानांवर होते, एकमेकांचे कोणी नसल्यासारखे.

बाई कार्यक्रमाला येणार आहेत असं समितीकडून कळलं. पत्रिकेत हॉल पहिल्या मजल्यावरचा दिलाय. बाईंना आता जिना चढवत नाही, तेव्हा सत्कार तरी खाली पटांगणात ठेवावा अशी आमच्या बॅचतर्फे विनंती आहे, मांडवाचा खर्च आम्ही करू.