अपडेट अँड शटडाउन

खानापुरात पाऊस लागला की संध्याकाळी लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. नेमकं तेव्हाच, दुकान आवरताना, बंदच्या बटणावर नारिंगी ठिपका दिसतो: 'अपडेट अँड शटडाउन'. दाबलं की टक्के चढायला लागतात. लॅपटॉपला निदान बॅटरी असते. डेस्कटॉपचा जुना यूपीएस दहा मिनिटं टिकला तरी पुष्कळ. मध्येच लाईट गेली तर विंडोज बहुधा 'अनडूइंग चेंजेस' म्हणत मागे फिरतं. बहुधा!

म्हणून अपडेट कायमचंच बंद करून टाकणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांनी मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आठवावा. तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. 'बघू की नंतर' म्हणणाऱ्यांच्या फायलींना कुलूप लागलं. उलट, ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटनं काहींच्या फायलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. पण पहिलं होतं महिन्याचं सुरक्षेचं, दुसरं नवी आवृत्ती आणणारं थोरलं. दोघांना एकच नियम लावला की घोळ होतो.

सुरक्षेचं आपोआपच येऊ द्यावं, फक्त जरा उशिरा. ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सुटतं, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणजे तारीख ८ ते १४ च्या दरम्यान, आणि दरमहा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरणाऱ्यांची मुदत ११! निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याकडच्या हिशेबनिसानं त्या आठवड्यात 'पॉज' दाबावं. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण एक पुरे. अपडेटात खोट असली तर तेवढ्यात बोंब झालेली असते.

ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र संगणकाला चालवू देणारा छोटा प्रोग्राम, मात्र निवडूनच. बेळगावात खडे बाजाराच्या आसपासचं एखादं डीटीपीचं दुकान घ्या: मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज, जुन्या फॉन्टचा डोंगल (परवान्याची किल्ली) आणि तीन संगणकांत मिळून एक शेअर केलेला प्रिंटर. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर असल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला ॲडमिनचे हक्क लागू लागले. कारण रास्त होतं, प्रिंटिंगच्या सेवेतलं भोक बुजवायचं होतं. पण गिऱ्हाईक काउंटरवर, पडद्यावर पासवर्डची चौकट, आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूस गोव्याला! ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर दिसला आणि प्रिंटर नीट चालत असला, तर त्या चौकोनात टिक करू नये.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनला (संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं यंत्र) जोडलेल्या जुन्या विंडोजचं तंत्र वेगळं. त्याला अपडेट नको असेल तर नेटही नको. पेनड्राइव्ह आधी दुसरीकडे स्कॅन करूनच लावायचा.

थोरलं अपडेट वर्षातून एकदा, उत्तरार्धात येतं. महिना-दोन महिने दुसऱ्यांना घेऊ द्यावं, मग बॅकअप काढून, सुट्टीच्या दिवशी. नाही पटलं तर जुन्या आवृत्तीवर परतायच्या 'गो बॅक'ला १० दिवस मिळतात. सी ड्राइव्ह भरला म्हणून त्याआधीच जुनी आवृत्ती जपलेलं 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसलं, की परतीची वाट बंद.