रामदास, बिनाका आणि रद्दीचं दुकान

आज १७ जुलै. पाऊस जरा थांबला म्हणून रद्दीवाल्या मामांकडे डोकावलो. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात कोकणच्या बोटींवरचा एक पिवळा पडलेला लेख सापडला.

'रामदास' बोट याच तारखेला, १९४७ साली बुडाली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, माणसं घाबरून एका बाजूला पळाली आणि बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणाच नव्हती, त्यामुळे पोहत किनारा गाठलेल्यांकडून मुंबईला बातमी कळली, तीही तासांनी! टायटॅनिकवर आपण रात्रभर बोलू, रामदास मात्र कोकणाबाहेर किती जणांना माहीत असते?

आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. बोट बंदरापासून लांब थांबायची, मग हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं, हे तिच्याकडून शंभरदा ऐकलंय.

त्याच गठ्ठ्यात बिनाका टूथपेस्टची जाहिरातही होती. आठवतात ना खोक्यातले ते प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी? याच बिनाकाच्या नावानं १९५२ला रेडिओ सिलोनवर सुरू झालेली हिंदी चित्रपटगीतांची गीतमाला पुढे बाबांच्या बुधवारचा धर्मच झाली होती. त्या वेळेत घरात कुणी भांडं आपटायचं नाही.

मामांनी अंकाचे तीस रुपये मागितले. घासाघीस केली नाही. (बायकोला सांगताना दहा सांगितले.)

कोकणच्या बोटीनं प्रवास केलेलं कुणी इथे असेल तर लिहा, आईला वाचून दाखवतो.