साथीला चर्च

एकल चेलोवादनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर एकाच कलाकाराचे नाव असते, आणि तंबोऱ्याच्या सुरावर कान पोसलेल्या आपल्यासारख्या श्रोत्याला सुरुवातीची काही मिनिटे ते एकटेपण जरा बोचतेच. तबला नाही, पेटी नाही, मागे धरलेला षड्ज नाही. साध्या लाकडी खुर्चीवर बसलेली वादिका, पोटऱ्यांमध्ये धरलेले वाद्य आणि हातातला गज, एवढाच सरंजाम. इंग्लंडच्या सफोक परगण्यात ब्लायबरा नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये जूनमधल्या एका संध्याकाळी असे वादन ऐकले, आणि तिची साथ कोण करत होते ते पहिल्या मध्यलयीतच कळून आले.

हे चर्च गावाच्या मानाने अवाढव्य आहे. पंधराव्या शतकातली ही इमारत, गारगोटीच्या दगडाच्या भिंती, उंच खिडक्या आणि लाकडी छताला पंख पसरून बसवलेले कोरीव देवदूत. संगीतही तिला नवे नाही. १९६९ साली ऑल्डबरा या संगीत महोत्सवाच्या पहिल्याच रात्री जवळचे स्नेप मॉल्टिंग्ज सभागृह जळाले, तेव्हा मोझार्टचा ‘इडोमेनेओ’ हा ऑपेरा इथेच आणून केला गेला होता.

चेलो जुन्या घडणीचा होता. त्याला जमिनीवर टेकवायची दांडी नव्हती, तारा आतड्याच्या होत्या आणि सूर सेकंदाला आजच्या ४४० कंपनांऐवजी ४१५ वर, म्हणजे अर्ध्या स्वराने खाली लावलेला होता. आतड्याची तार हवेतल्या दमटपणाने लगेच उतरते किंवा चढते, त्यामुळे दर रचनेआधी खुंट्या पिळणे आलेच. मैफलीत तानपुरे जुळेपर्यंत निवांत बसण्याची सवय असलेल्या माणसाला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

आधी दोमेनिको गाब्रिएल्लीची रिचेर्कार, म्हणजे जुन्या धर्तीची एक वाद्यरचना, झाली. हा बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमधला चेलोवादक. त्याच्या या रचना १६८९ मधल्या असून एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सर्वांत जुन्या संगीतात त्या मोडतात. पुढे बाखची पाचवी सुईट, म्हणजे प्रील्यूड या प्रारंभिक रचनेमागून येणारी नृत्यांची माळ. तिच्यासाठी सर्वांत वरची तार एका स्वराने उतरवून ‘जी’ या स्वरावर आणावी लागते. मग वाद्यावर एका सप्तकाच्या अंतराने दोन ‘जी’ होतात, आणि एकीवर गज फिरला की दुसरी न छेडताच सतारीच्या तरफेसारखी बोलू लागते. वाद्याच्या पोटात चाललेले हेच काम मग सबंध इमारत मोठ्या प्रमाणावर करते. सारबांद या संथ नृत्यात बाखने एकदम वाजणारा एकही स्वरसमूह लिहिलेला नाही, एकामागून एक सुटे स्वर आहेत. पण दगडाने धरून ठेवलेला मागचा स्वर विरण्याआधी पुढचा त्याला येऊन भेटतो, आणि कागदावर नसलेली संगती कानाला स्पष्ट ऐकू येते. वादिका ते जाणून होती. खालचा स्वर सुटल्यावर ती गज हवेतच क्षणभर थोपवून धरत होती, जणू भिंतींचे बोलून होण्याची वाट पाहत होती.

साथीदार गुणी असला तरी भिडस्त असतोच असे नाही. प्रील्यूडच्या उत्तरार्धातल्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या पट्टीत शिरत जाते अशा भागात, जिथे स्वर भराभर धावतात, तिथे याच भिंती सारे एकमेकांत कालवून टाकू पाहत होत्या; त्यामुळे तिने लय थोडी आवरती ठेवली आणि प्रत्येक स्वर तोडून, मोकळा वाजवला. त्यातही गंमत अशी की दुपारी रिकाम्या चर्चमध्ये बसवलेला हिशेब संध्याकाळी श्रोते भरले की बदलतो, कारण माणसे आणि त्यांचे लोकरी कोट आवाज पिऊन टाकतात.

दोन नृत्यांच्या मध्ये इथे कोणी टाळ्या वाजवत नाही. सारबांद संपताना ओठांवर आलेला ‘वा’ मी महत्प्रयासाने गिळला. शिष्टाचार म्हणून हा नियम मला आजही कोरडा वाटतो, पण या वास्तूत तो सोयीचा होता, कारण शेवटच्या स्वराची शेपटी माझ्या दादेखाली सापडली असती.

पुढच्या बाकांवर गजाची खरखर आणि वादिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो, तर मागे भिंतींचाच वाटा अधिक. माझ्या मते प्रील्यूड पुढे बसून ऐकावा आणि सारबांदला मागे जावे. मात्र वादन चालू असताना बाक कुरकुरवत उठण्याइतके धैर्य अंगी हवे.